मदत हवी आहे : गावच्या पठारावर पवनचक्क्या येण्याआधी धोक्यांची पाहणी ग्रामस्थांनी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात असून गावातली निम्मी कर्ती माणसे तीन पिढ्यांपासून मुंबईत आहेत. गेल्या रविवारी लालबागला आमच्या मुंबई मंडळाची बैठक झाली, ती गावामागच्या पठारावर पवनचक्क्या उभारण्याच्या प्रस्तावावर. कंपनीच्या माणसांनी काही खातेदारांना भाडेकराराचे मसुदे वाटले आहेत आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ना-हरकत ठराव मांडला जाणार आहे. ग्रामसभेपुढे कोणते प्रश्न ठेवावेत याचे टिपण करण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपवले आहे. वाऱ्यापासून वीज व्हावी असे मला मनापासून वाटते. फक्त सह्या होण्याआधी गावाला काय पणाला लागते आहे ते नीट कळावे, एवढीच इच्छा आहे.

ही पाहणी आमच्यावर येऊन पडते याचे कारण असे की २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही, त्यामुळे त्या अधिसूचनेखाली घ्यावी लागणारी पूर्वमंजुरी आणि जनसुनावणी या प्रकल्पांना लागू होत नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते, पण आमचे पठार खासगी मालकीचे आणि गायरानाचे आहे. म्हणजे कागदोपत्री अडवून प्रश्न विचारण्याची जागा ग्रामसभा हीच उरते.

मला सर्वांत मोठी काळजी पाण्याची वाटते. आमचे पठार जांभ्याचे आहे. पावसाचे पाणी जांभ्याच्या भेगांतून मुरते आणि पठाराच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यांपैकी एका झऱ्यावर आमच्या वाडीची साठ घरे उन्हाळा काढतात. गेल्या मे महिन्यात मी झऱ्याखाली पंधरा लिटरचा हंडा ठेवून घड्याळ लावले, तेव्हा तो भरायला साडेचार मिनिटे लागली. म्हणजे दिवसाचे सुमारे ४,८०० लिटर, घरटी ८० लिटर, तेही रात्रभर टाकीत साठवले तर. हल्लीच्या मोठ्या यंत्रांचे खांब १२० ते १४० मीटर उंच असतात आणि एकेक पाते ७० मीटरच्या आसपास भरते. ते पाते घाटाच्या वळणांवरून वर न्यायचे म्हणजे रस्ता रुंद करण्यासाठी डोंगर कापावा लागणार आणि वर प्रत्येक खांबासाठी खोल पाया खणून शेकडो घनमीटर काँक्रीट ओतावे लागणार. झऱ्याच्या वरच्या अंगाला असे दोन पाये आले तर ते ४,८०० लिटर तसेच राहतील का, हे मला कोणीही सांगू शकलेले नाही. शिवाय जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली, ती याच तालुक्यात; तेव्हा उतारावरच्या प्रत्येक नव्या कापणीकडे आम्ही धास्तीनेच पाहतो.

पक्ष्यांच्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातला चांगला पुरावा उपलब्ध आहे. चाळकेवाडीच्या पठारावर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले आणि पवनचक्क्यांच्या भागात ते कमी झाल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. धोका फक्त पात्याला धडकून मरणाऱ्या पक्ष्यांचा नसून पठारावरची सगळी घडीच बदलण्याचा आहे, हे मला त्यातून समजले. म्हणून दोन दिवसांची पाहणी पुरेशी मानू नये. पावसाळा, स्थलांतराचा हिवाळा आणि कोरडा उन्हाळा अशी वर्षभराची नोंद मागावी, असे माझे मत आहे.

अंतराबद्दल नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. घरापासून ५०० मीटरच्या आत यंत्र नसावे आणि सार्वजनिक रस्त्यापासून खांबाची उंची, अधिक पात्यांच्या व्यासाचा अर्धा भाग, अधिक पाच मीटर एवढे अंतर असावे, असे त्यांत म्हटले आहे. १४० मीटरचा खांब आणि १४० मीटरचा व्यास धरला तर हे अंतर २१५ मीटर होते. पठारावर गवळी धनगरांची सात घरे आहेत, पण कंपनीच्या नकाशावर ती दाखवलेलीच नाहीत. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, त्यामुळे भाड्यातही त्यांचा वाटा नाही. गुरे मात्र त्याच गायरानावर चरतात. ती घरे मोजली तर किमान दोन खांबांच्या जागा बदलाव्या लागतील, असे नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यावर दिसते.

आता माझे प्रश्न.

वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगाव किंवा साक्रीकडच्या गावांतले कोणी येथे असल्यास कृपया सांगावे की यंत्रे आल्यानंतर झरे आणि विहिरी यांच्यात काही फरक पडला का, आणि यंत्रे येण्याआधीची मोजमापे कोणी ठेवली होती का? झऱ्याचे पाणलोट क्षेत्र ठरवून घेण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामपंचायतीने अर्ज कसा करावा, याचा अनुभव कोणाला आहे का? पक्ष्यांच्या वर्षभराच्या नोंदीसाठी मुंबईत हॉर्नबिल हाऊसला जाऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी बोलावे असे मनात आहे. गावाने विचारणा केल्यास अशा संस्था मार्गदर्शन करतात का?

आणि वकील मंडळींना एक विनंती. मसुद्यात भाड्याची मुदत तीस वर्षांची आहे. पण मुदत संपल्यावर खांब, पाया आणि रस्ता कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने काढायचा याबद्दल एक ओळही नाही. वर उल्लेखलेल्या सूचनांत जमिनीच्या करारातच यंत्रे काढून घेण्याची योजना नमूद करावी, असे म्हटले आहे. हे कलम, त्यासाठीची अनामत रक्कम आणि झरा आटल्यास पर्यायी पाण्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारे कलम कोणत्या शब्दांत लिहावे? मसुद्यातली नावे आणि गट क्रमांक झाकून त्याची प्रत व्यक्तिगत निरोपातून पाठवू शकेन. मंडळाची पुढची बैठक जुलैच्या शेवटच्या रविवारी आहे. त्याआधी टिपण पूर्ण करून गावी सरपंचांकडे पोहोचवायचे आहे.