मदत हवी आहे: रविवारी मुलाची पहिली जलतरण स्पर्धा, काय काय तयारी लागते?

रेशीमकिडा
मुलाची पहिलीच स्पर्धा येत्या रविवारी पुण्यात बालेवाडीला आहे. रिपोर्टिंग सकाळी ७. सरांना विचारलं तर ‘काही नाही हो, या फक्त’ म्हणाले. बॅगेत काय न्यायचं, खायला काय द्यायचं, आजी-आजोबांना आणलं तर चालेल का? सविस्तर सांगा. गूगल करा म्हणू नका, सगळं अमेरिकेतलं येतं.

स्टॉपवॉच
वय किती? कुठल्या शर्यती? सराव कुठल्या टँकमध्ये, लांबी-खोली किती? ब्लॉकवरून (टँकच्या कडेचा उडीचा उंच ओटा) उडी येते का? हे न सांगता यादी मागितली तर किराण्याचीच मिळेल.

काठावरचा कोतवाल
किराणा तर किराणा. घ्या:
गॉगल दोन, एकाच मापाचे, पट्टा घरीच बसवून ठेवलेले. टोप्या दोन. कॉश्च्युम दोन, कारण वॉर्म-अपचा ओला घालून तासभर बसलं की पोर कुडकुडतं. टर्किश टॉवेल एक पुरे, बाकी दोन-तीन पंचे न्या, पटकन वाळतात. स्लिपर, बाह्यांचा टी-शर्ट, बसायला चटई. जन्मदाखला मूळ आणि झेरॉक्स, आधार, दोन फोटो. सर्क्युलरमध्ये फिटनेस सर्टिफिकेट मागितलं असेल तर आजच डॉक्टर गाठा, रविवारी पहाटे कोणी देत नाही. आणि एक काळं बॉलपेन. ते कशाला ते पुढे सांगतो.

रेशीमकिडा
धन्स कोतवाल! वय ८. ५० मीटर फ्री (फ्रीस्टाइल) आणि ५० मीटर ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक, बेडकासारखं पोहणं). सोसायटीच्या टँकमध्ये शिकलाय, छान पोहतो. खाण्याचं सांगा ना कोणीतरी.

स्टॉपवॉच
सोसायटीचा टँक म्हणजे किती? आणि उडीचं राहिलंच.

हळदीचं दूध
सकाळी ग्लासभर दूध, चार बदाम, वर चमचाभर साजूक तूप. ताकद येते.

काठावरचा कोतवाल
अहो, तूप-दूध पोटातून लवकर हलत नाही. ते घेऊन स्प्रिंट मारली तर दूध टँकमध्ये परत येईल. ७ चं रिपोर्टिंग तर साडेपाचला दोन इडल्या किंवा वाटीभर कमी तेलाचे पोहे. दोन शर्यतींच्या मध्ये अर्धं केळं, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. पाणी घोट घोट. ओआरएस द्यायचंच असेल तर लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका. कँटीनचा वडापाव दोन्ही शर्यती झाल्यावर. त्या दिवशी नवीन पदार्थ कुठलाच नाही.

हळदीचं दूध
पिढ्यान्‌पिढ्या मुलं दूध पिऊनच खेळली.

सागरगोटा
टँकच्या स्पर्धांत मुलं नुसती घड्याळ बघायला शिकतात. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी स्पर्धा असते, तिथे न्या. पोहणं काय असतं ते कळेल. पुढे मुंबईच्या समुद्रात संक रॉक ते गेटवे, मग धरमतर ते गेटवे.

स्टॉपवॉच
पोरगं ८ वर्षांचं आहे, ५० मीटर पोहायचंय, आणि तुम्ही त्याला ३६ किलोमीटरच्या धरमतरला घेऊन निघालात.

रेशीमकिडा
टँक १५ मीटरचा असेल, ४ फूट. उडी काठावरून मारतो, ब्लॉक नाहीयेत आमच्याकडे. दोन दिवस आहेत, तेवढ्यात बाबा शिकवतील का? आणि आजी-आजोबा??

स्टॉपवॉच
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. नीट वाचा.

१. सोसायटीच्या टँकमध्ये उडीचा सराव अजिबात करू नका. ४ फूट म्हणजे १.२२ मीटर. आंतरराष्ट्रीय नियमात ब्लॉकसमोर किमान १.३५ मीटर पाणी लागतं, तेही भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात सलग. उथळ पाण्यात नवशिका मुलगा डोकं खाली घालून सरळ तळाकडे जातो आणि मान जायबंदी होते. बाबांना आवरा.

२. नियमाने फ्री आणि ब्रेस्टची सुरुवात उडीनेच. पण स्थानिक स्पर्धेत लहान गटाला बऱ्याचदा काठावरून, नाहीतर पाण्यात भिंत धरून सुरुवात करू देतात. सरांना सांगून रेफरीकडून आधी हो म्हणवून घ्या. शर्यत सुरू झाल्यावर नाही.

३. बालेवाडीचा मोठा टँक ५० मीटरचा. १५ मीटरवर भिंत पकडून श्वास घ्यायची सवय झालेला मुलगा तिथे तीस मीटरच्या पुढे गळपटतो. पहिले २५ मीटर मुद्दाम सावकाश, हे त्याला आजपासून सांगा. खूपच दमला तर लेनच्या दोरीला धरून थांबायचं हेही सांगा. बाद केलं तर करू दे.

४. ब्रेस्टमध्ये लहान मुलं दोन गोष्टींवर बाद होतात. एक, शेवटी एकाच हाताने भिंतीला हात लावणं. दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागले पाहिजेत. दुसरी, कैचीसारखी लाथ. पाय बाहेर वळवून दोन्हींची लाथ एकदमच हवी. दोन हातांचा स्पर्श घरातल्या भिंतीवरही घोटवता येतो. वीस वेळा करून घ्या.

मुळाकाठ
स्टॉपवॉचशी सहमत. शिट्ट्यांचं मी सांगतो, त्यात मुलं गडबडतात. लहान लहान शिट्ट्या सलग वाजल्या की टी-शर्ट काढून ब्लॉकमागे तयार. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढायचं. मग ‘टेक युअर मार्क्स’, की वाकायचं आणि पुतळा व्हायचं. मग सुरुवातीचा आवाज. त्याआधी सुटला तर बाद, दुसरी संधी नाही. घरी सोफ्याच्या कडेवर उभं करून चार वेळा वाजवा, ओठांनीच.

काठावरचा कोतवाल
आता पेन. हीट शीट (कोण कुठल्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्या गटात, आणि कुठल्या लेनमध्ये याची यादी) लागली की मुलाच्या दंडावर शर्यत क्रमांक, हीट, लेन लिहा. लहान मुलं कॉल रूममध्ये (शर्यतीआधी मुलांना जमवतात तिथे) दुसऱ्याच रांगेत जाऊन उभी राहतात. एंट्रीत वेळ दिली नसेल तर बहुतेक पहिल्या एक-दोन हीटमध्ये आणि कडेच्या लेनमध्ये नाव येईल. आठ लेनमध्ये सर्वांत वेगवान ४ नंबरला, मग ५, ३, ६, २, ७, १, ८. त्यामुळे लेन १ मिळाली म्हणून पक्षपात झाला असं आजोबांनी ओरडू नये.

रेशीमकिडा
आजोबा ओरडतातच. 😀 म्हणजे आणू की नको?

मुळाकाठ
आणा, पण आधी सांगून. गॅलरीतच बसायचं, टँकच्या काठावर पालकांना सोडत नाहीत. लहान मुलांच्या हीटला शिट्ट्या, चढणं-उतरणं धरून दोनेक मिनिटं. तुमच्या आधी तीस हीट असतील तर तासभर वाट, शर्यत मिनिट-दीड मिनिटाची. औषधं, टोपी, पाठीला उशी असं सगळं घ्या. सुरुवातीच्या वेळी गॅलरीत पूर्ण शांतता, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. मुलगा बाद झाला तर कुणीही खाली जाऊन अधिकाऱ्याशी भांडायचं नाही. तक्रार कोच किंवा संघाच्या प्रतिनिधीने लेखी द्यायची, शर्यतीनंतर ३० मिनिटांत. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न ‘कितवा आलास’ हा नको.

लवंगलता
क्लोरीनने केस फार कोरडे होतात हो. रात्री खोबरेल तेल चोपडून पाठवा.

काठावरचा कोतवाल
केसांबद्दल कोणी विचारलंय? तेलाने टोपी घसरते आणि लॅटेक्सची असेल तर खराबही होते. पाण्यात उतरण्याआधी डोकं साध्या पाण्याने भिजवा, मग केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतात.

टर्बोमासा
गॉगल, टोपी, इडली सगळं झालं, मुख्य गोष्ट राहिली. स्पर्धेचा सूट घ्या. कॅम्पात मिळतो, दहा-बारा हजार. फरक पडतो.

स्टॉपवॉच
८ वर्षांच्या मुलाला? इतका घट्ट सूट चढवतानाच रडारड होते. साधा अंगाबरोबरचा जॅमर (गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी) पुरे, फक्त ढगळ बर्म्युडा नको, त्यात पाणी भरतं. त्या पैशात चांगल्या टँकची मेंबरशिप घ्या.

टर्बोमासा
मानसिक बळ नावाची गोष्ट असते.

मुळाकाठ
गॉगल निघण्याचं कोणी बोललं नाही. उडीत हनुवटी वर राहिली की गॉगल सरकून गळ्यात येतो. पट्टा टोपीच्या आत घ्या किंवा दोन टोप्यांच्या मधे, दोन टोप्या घालायला हरकत नसते. काच आतून बोटाने पुसू नका, धुकं न येण्याचा थर जातो. तरी निघालाच तर थांबायचं नाही, तळावरची काळी रेघ उघड्या डोळ्यांनीही दिसते. ब्लॉकवरून प्रॅक्टिस नसेल तर गॉगल निघणार असं धरूनच चाला.

रेशीमकिडा
सरांशी बोलले. पाण्यातून सुरुवात चालेल म्हणाले, रेफरीला तेच सांगणार आहेत. वॉर्म-अपला मात्र उडी मारून बघू दे म्हणतात?

स्टॉपवॉच
नको. वॉर्म-अपला सगळ्या लेनमध्ये गर्दी, पाण्यात पाय आधी टाकूनच उतरतात. उडी फक्त राखून ठेवलेल्या स्प्रिंट लेनमध्ये, एकाच दिशेने, कोच उभा असताना. त्याच्यासाठी वॉर्म-अप म्हणजे चार लांब्या सावकाश, त्यातली एक ब्रेस्ट, आणि शेवटच्या पाच मीटरला दोन हात लावून बघणं. बॅकस्ट्रोकसाठी (उताणं पोहण्यासाठी) टँकवर आडवी बांधलेली झेंड्यांची दोरी डोक्यावर आली की भिंत पाच मीटरवर, हे दाखवून ठेवा.

हळदीचं दूध
दुधाचं काय ठरलं?

रेशीमकिडा
इडली ठरली. दूध रात्री.

टर्बोमासा
बालेवाडीत दुचाकी कुठल्या गेटने आत सोडतात हल्ली?