घरगुती पाळणाघराची नियमावली: तुम्ही काय लिहिलंत आणि पालकांच्या गळी कशी उतरवलीत?

कोथरूडची काकू (धागाकर्ती)

जून जवळ आला की माझ्याकडे नवी पोरं येतात आणि त्यांच्या आधी त्यांच्या आयांचे फोन. "काकू, तुमचे नियम वगैरे काही लिहिलेले आहेत का हो?" इतकी वर्षं माझं उत्तर एकच, "या, बसा, बोलू." बोलण्यावर चाललंही. पण फी, उशीर आणि ताप हे तीन विषय निघाले की दोन्हीकडून "अहो, असू दे हो" सुरू होतं. मूल मला काकू म्हणतं, त्याची आईही काकू म्हणते. आता काकूने उशिराचे पैसे मागायचे कसे? भीड भिकेची बहीण म्हणतात ते माझ्यासारखीसाठीच असणार.

म्हणून यंदा चार पानं लिहायला घेतली आहेत. घरी पाळणाघर चालवणाऱ्यांनी लिहा, मूल ठेवणाऱ्यांनीही लिहा. कोणतं कलम खरोखर कामाला आलं, कोणतं नुसतं कागदावर राहिलं, आणि ते समोरच्याला पटवलंत कसं? वकिली भाषेतला नमुना नको, तो कुठेही मिळतो.

डोंबिवलीची आजी

माझ्या नियमावलीतलं पहिलं कलम पावसाने लिहून घेतलं. 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला तो दिवस. आमच्याकडच्या बहुतेक आया फोर्टात नाहीतर अंधेरीला कामाला. लोकल बंद, मोबाइल लागेनात, लँडलाइन मुकी. पोरं रात्री माझ्याकडेच राहिली. खिचडी सगळ्यांनी खाल्ली, पण दोन वर्षांची एक मुलगी काही केल्या झोपेना. तिला आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय झोप लागत नसे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, कारण माझ्याकडे ती दुपारी झोपायचीच नाही. तिची आई दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आली.

त्यानंतर "लोकल बंद पडली तर" असं कलमच घातलं. मूल माझ्याकडे राहील, जेवेल, झोपेल, त्याचे जादा पैसे नाहीत. जून ते सप्टेंबर कपड्यांचा एक पूर्ण जोड, दुधाची पावडर आणि आईचा एक जुना, न धुतलेला दुपट्टा माझ्या कपाटात राहील. (न धुतलेला का, असं बाबा लोक विचारतात. आया विचारत नाहीत.) आणि तिसरा फोन नंबर डोंबिवलीतल्याच माणसाचा हवा, जो माझ्या घरापर्यंत चालत येऊ शकेल. लोक बिनदिक्कत ऑफिसातल्या मैत्रिणीचा नंबर देतात. अगं, ती तुझ्याच गाडीत अडकलेली असणार ना! 29 ऑगस्ट 2017 ला पुन्हा तसाच पाऊस झाला तेव्हा या तिसऱ्या नंबरावर एकेक आजोबा, शेजारीण, मावशी छत्री घेऊन हजर झाली आणि रात्री माझ्याकडे फार थोडी पोरं उरली.

हिंजवडीचा बाबा

पालकांच्या बाजूने लिहितो. आमच्या काकूंच्या कागदात साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना पैसे असं स्पष्ट आहे. सही करताना जरा झोंबलं होतं. आता बरं वाटतं. आधी भूमकर चौकात अडकलो की फोनवर "पोहोचलोच, पाचच मिनिटं" अशा थापा मारायचो. आता "सात वाजतील काकू, लिहून ठेवा" म्हणतो आणि विषय संपतो.

बायकोचं मत मात्र उलट आहे. ती म्हणते, पैसे द्यायला लागल्यापासून तू निवांत उशीर करतोस.

सातारा रोड, अर्थशास्त्र शिकवते

तुमच्या बायकोच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही ठिकाणी उशिराचा दंड लावला, तर उशीर करणारे पालक वाढले. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता त्याची किंमत चुकती झाली. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर आधीच्या पातळीवर आला नाही. दंड किरकोळ होता हेही खरं. तेव्हा काकू, लावणार असाल तर झोंबेल असा लावा, नाहीतर लावूच नका.

नाशिकची वहिनी

मी पैसे लावलेच नाहीत. महिन्यात तीनदा उशीर झाला की त्या महिन्यापुरतं मूल आपोआप "संध्याकाळी साडेसातपर्यंत"च्या गटात जातं आणि त्या गटाची फी लागते. दंड शब्द कुठेच नाही, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. हिशेब महिनाअखेरीला.

पण माझं खरं दुखणं उशीर नाही, औषध आहे. सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजायचं, ताप उतरला की मूल माझ्या दारात सोडायचं, आणि साडेबाराला ते माझ्या मांडीवर भाजायला लागतं. आईला विचारलं तर "नाही हो, सकाळी अगदी छान होता." आता मी दुसरा डोस देऊ का नको? मधे किती तास गेले हेच माहीत नाही. आधी माझ्या कागदात "ताप असलेलं मूल घेतलं जाणार नाही" एवढंच होतं. तो नियम कडक होता म्हणूनच लोक लपवत होते, कारण खरं सांगितलं तर रजा बुडणार. आता दोन वाक्यं आहेत. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच पूर्ण दिवस. आणि सकाळी औषध दिलं असेल तर वेळ आणि मात्रा सांगा, मी मुलाला दारातून परत पाठवणार नाही. आतल्या खोलीत झोपवेन आणि बारापर्यंत कुणीतरी न्यायला यायचं. तेव्हापासून सांगायला लागलेत.

बाटलीबद्दलही लिहा. "अर्धं झाकण द्या" अशी चिठ्ठी यायची. बाजारात याच औषधाचं सिरप 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही मिळतं, थेंबांची बाटली तर 1 मिलिलिटरला 100. अर्धं झाकण कशाचं? मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, त्यामुळे शेजारच्या मुलाची चिठ्ठी चालत नाही. माझ्याकडे औषध मूळ खोक्यासकटच घेतलं जातं. खोक्यावर मुलाचं नाव, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, मात्रा मिलिलिटरमध्ये आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते. मी दिलं की वहीत वेळ लिहिते, नेताना आई सही करते.

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचे फोड येतात, एकाला आले की आठवड्यात सगळ्यांना. कांजिण्या असतील तर सगळ्या खपल्या धरेपर्यंत घरी. ही यादी मी आमच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून आणली आणि नियमावलीला जोडली. आता मी नाही म्हणत नाही, डॉक्टर नाही म्हणतात!

संभाजीनगर, नुकतंच सुरू केलंय

कशी दिली ते सांगते. पहिल्या वर्षी पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली. सगळ्यांचे निळे टिक, दोघींचे नमस्काराचे हात, वाचली कुणीच नाही. आता प्रवेशाच्या दिवशी आई-बाबा दोघांना समोर बसवून मी मोठ्याने वाचते. वाचता वाचता ते थांबवतात, आणि तिथेच कळतं यांचं कुठे अडतंय. एका बाबांनी झोपेच्या कलमावर थांबवून सांगितलं की मुलाला झोपेत झटका येऊन गेलाय. फॉर्मवर तो रकाना "काही नाही" असा भरला होता.

आणि जो माणूस रोज न्यायला येणार, त्याला ते पान वेगळं देते. आजोबा असोत की रिक्षावाले काका. न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो आधी द्यायचे, "ओळखीचे आहेत" चालत नाही. एकदा एका मुलाचा मामा आला. सख्खा मामा, पोरगं धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलं. यादीत नाव नाही, आईचा फोन बंद. मी मामांना खुर्ची दिली, चहा दिला, पोरगं दिलं नाही. तासभर ते धुमसत बसले. "मी काय पळवून नेणारे का?" आई मीटिंगमधून बाहेर आली, फोन आला, मग गेले. आठवडाभर ते घर माझ्याशी तुटक बोलत होतं. आठवड्यानंतर त्याच आईने स्वतःहून यादीत मामाचं नाव घातलं आणि एका लांबच्या नातेवाइकाचं खोडलं. का, ते मी विचारलं नाही.

सनीवेलची मावशी, कॅलिफोर्निया

आमच्याकडे अर्धी नियमावली राज्य सरकारच लिहून देतं. घरात पाळणाघर चालवायला परवाना लागतो, लहान परवान्यावर जास्तीत जास्त आठ मुलं, मोठ्यावर मदतनीस असेल तर चौदा. आणीबाणीत उपचारांची संमती, पालकांच्या हक्कांची सूचना हे सगळे ठरलेले फॉर्म. दायित्व विमा (मुलाला काही इजा झाली तर भरपाईसाठीचा) काढला नसेल तर ते पालकांना कळवून त्यांची सही घ्यावी लागते.

मला स्वतः लिहावं लागलं ते पान मराठीत आहे आणि ते आज्यांसाठी आहे. इथे बाळंतपणाला पुण्या-नागपुराहून आई येते, सहा महिने राहते, आणि बाळाला माझ्याकडे सोडायला तीच येते. सोबत मोहरीची उशी, दुपटं, गळ्यात काळा गोफ, मनगटात काळे मणी. आमच्या नियमाप्रमाणे वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवायचं, क्रिबमध्ये, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या पलंगात, ताणून बसवलेल्या चादरीशिवाय काही नाही, उशी नाही, पांघरूण नाही, गुंडाळणं तर नाहीच. दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं आणि नोंद करायची. आजींना वाटतं पोराला उघड्यावर टाकलंय. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" हे मी किती वेळा ऐकलं असेल. म्हणून त्या पानावर "करू नका" फार नाही, कारणं आहेत. उशीत नाक दबलं तर लहान बाळाला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. गोफ क्रिबच्या कडेला अडकू शकतो. मणी तुटला तर घशात जाणार. तीट लावा, हवी तेवढी लावा, तिला कुणाची हरकत नाही. मोहरीची उशी आजी परत नेतात, पण रागावून नाही.

वर हक्कांच्या सूचनेचं म्हटलं, त्यात एक हक्क असा की मूल माझ्याकडे असताना पालक न कळवता कधीही आत येऊन बघू शकतात. हे भारतातल्यांनीही आपणहून लिहून टाकावं असं मला वाटतं.

ठाण्याची आई

या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाली, त्याची सीसीटीव्हीची दृश्यं घराघरात पोहोचल्यापासून सगळे आधी कॅमेरा आहे का विचारतात. मीही विचारला. आमच्या मावशी म्हणाल्या, "कॅमेरा नाही. दार आहे, केव्हाही या." तसं लिहूनही दिलं होतं. मी सुरुवातीला भर दुपारी दोन-तीनदा जाऊन धडकले. एकदा त्या माझ्या मुलीची द्राक्षं उभी चिरत बसल्या होत्या. डब्यात अख्खी द्राक्षं, फुटाणे, शेंगदाणे नकोत हे त्यांच्या कागदात होतं आणि मी ते वाचलेलं नव्हतं. मला त्या काही बोलल्या नाहीत, नुसता कागद पुढे सरकवला.

एका सोसायटीचा सेक्रेटरी, नाव नको

आमचंही एक कलम घाला हो. बाबागाड्या पॅसेजमध्ये नकोत, आणि दुपारी दोन ते चार लिफ्टची बटणं पोरांना दाबायला देऊ नका.

कोथरूडची काकू

बटणांचं घातलं! तिसरा नंबर, आज्यांचं पान, औषधाची वही, तिन्ही उचलते आहे. उशिरासाठी नाशिकची पद्धत. आता एकच अडलंय. गौरी-गणपतीचे पाच दिवस आणि दिवाळीचा आठवडा मी बंद ठेवते. त्याची फी कापून द्यायची का? गेल्या वर्षी एकीने हिशेब करून दिवसांचे पैसे वजा करूनच पाठवले.

डोंबिवलीची आजी

कापायची नाही. फी जागेची असते, दिवसाची नाही, तुझ्या मुलाची जागा मी महिनाभर दुसऱ्याला देत नाही. पण सुट्ट्यांची यादी जूनमध्येच तारखांसकट हातात द्यायची, म्हणजे त्यांना गावाची तिकिटं काढता येतात. ऐन वेळी मी आजारी पडले आणि बंद ठेवलं तर त्या दिवसांचे मात्र मी परत करते.

नाशिकची वहिनी

मे महिन्याचं काय करता आजी? माझ्याकडची निम्मी पोरं आजोळी जातात, आया म्हणतात अर्धी फी घ्या. मदतनीस बाईचा पगार काही अर्धा होत नाही.

डोंबिवलीची आजी

अर्धीच घेते, पण मार्चमध्ये आगाऊ. जूनला जागा हवी असेल तर.