मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रांत कोणत्या आजाराला कोणतं औषध दिलं, याच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकोले आणि लगतच्या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या सर्दी-खोकल्याला आणि जुलाबाला प्रतिजैविकं किती वेळा लिहिली जातात, इंजेक्शन किती जणांना दिलं जातं, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मी याच भागातली. सुई टोचली नाही तर दवाखान्यात जाऊन उपयोग काय, असं म्हणणारी माणसं माझ्या घरातही आहेत. त्यामुळे हे काम मला नुसतं पदवीपुरतं उरकायचं नाही.

पद्धत ठरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे 1993 चे औषधवापराचे निर्देशक वापरणार आहे: दर रुग्णामागे सरासरी किती औषधं, त्यातली जेनेरिक नावानं किती, प्रतिजैविक किती टक्के रुग्णांना, इंजेक्शन किती टक्के, आणि आवश्यक औषधांच्या यादीतली किती. त्यासाठी किमान 20 केंद्रं आणि प्रत्येकी 30 रुग्ण, म्हणजे 600 चा नमुना लागतो. पावसाळ्यात जुलाब, थंडीत खोकला, म्हणून तो वर्षभरात विखुरलेला हवा.

घोडं अडलंय ते नोंदींपाशी. केसपेपर रुग्ण घरी घेऊन जातो. केंद्रात उरते बाह्यरुग्ण नोंदवही. एका केंद्रात डॉक्टरांनी ती चाळू दिली. उपचाराच्या रकान्यात 'पीसीएम, सीपीएम, बीसी' (पॅरासिटामॉल, सर्दीची क्लोरफेनिरामाइन, बी-कॉम्प्लेक्स) एवढंच. गोळी किती मिलिग्रॅमची, किती दिवसांची, काही नाही. बाजाराच्या दिवशी निदानाच्या रकान्यात वर एकदा 'ताप' लिहिलेलं आणि खाली पान संपेपर्यंत 'सदर'च्या खुणा. इंजेक्शनची वही वेगळी, तिचे अनुक्रमांकही वेगळे. दोन्ही वह्यांतला एकच रुग्ण जुळवता येत नाही.

औषध निर्माण अधिकाऱ्यांकडे साठा नोंदवही आणि ई-औषधी प्रणाली आहे. त्यातून माल किती आला, किती खर्ची पडला ते कळतं. कोणाला, कशासाठी दिला ते कळत नाही.

या दोहोंना जोडणारी एखादी नोंद असते का? की माहिती अधिकारात अर्ज करू? केंद्रातल्या लोकांना हा चौकशीचा ससेमिरा वाटायला नको आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत झालं, तेव्हापासून गर्दी वाढल्याचं ते सांगतात, आणि ते राबताना मी पाहिलं आहे.

– मुळाकाठ

प्रतिसाद: खलबत्ता

ताई, मी औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अशी जोडणारी नोंद माझ्या पाहण्यात नाही. जुन्या वह्यांचा नाद सोडा. औषधखिडकीपाशी थांबा आणि रुग्ण बाहेर पडताना त्याच्याच केसपेपरवरून उतरवून घ्या. ही रीत त्या निर्देशकांना मान्य आहे. फक्त पावसाळ्यात आणि थंडीत वेगवेगळं थांबावं लागेल. नाव-गाव घेऊ नका, फोटो तर मुळीच नको.

साठा नोंदवही मात्र टाकून देऊ नका. जुलाबाच्या दिवसांत ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या किती खपल्या, नॉरफ्लॉक्सासिन-मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं किती खपली, हे शेजारी शेजारी मांडा. बरंच काही दिसेल. आणि कोणतं औषध कोणत्या तारखांना शून्य होतं, ते आधी टिपा. ओआरएस संपलेलं असताना डॉक्टरनं काय लिहिलं, त्यावरून त्याच्या सवयीचा निवाडा करणं अन्यायाचं होईल. मागणीपत्रं बघितलीत तर त्यानं वेळेत मागणी केली होती का, तेही कळेल.

प्रतिसाद: तिसरी घंटा

अर्जाची घाई नको. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासकीय परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. साठा नोंदवही आणि मागणीपत्रं त्या वेळात मागा. नाहीच दाखवली तर 10 रुपयांचा अर्ज. महाराष्ट्रात एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. रुग्णांची नावं मागितलीत तर व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारतील, आणि ते बरोबरच आहे.

शिवाय 2007 पासून राज्यात लोकाधारित देखरेखीचं काम झालं, पुणे आणि नंदुरबार पहिल्या पाच जिल्ह्यांत होते. केंद्रात औषधं आहेत की नाहीत हे गावकऱ्यांनीच तपासलं होतं. ते अहवाल मिळवून वाचा.

मुळाकाठ

खलबत्ताकाका, साठा शून्य असलेल्या तारखांचं माझ्या आराखड्यात नव्हतंच, आता पहिला तक्ता तोच करते. तिसरी घंटा, सोमवारचं माहीत नव्हतं, फार आभार. आणखी एक विचारते. खिडकीपाशी ठाकरवाडीवरच्या बायका भेटतील. मार्गदर्शक सर लेखी संमतीच घे म्हणतात, पण कागदावर अंगठा मागितला की माणसं बिचकतात. तोंडी चालेल का?

खलबत्ता

साक्षीदारासमोर तोंडी घेता येते, पण तुमच्या कॉलेजच्या नैतिकता समितीनं तसं मंजूर केलेलं हवं. अर्जात कारणासकट लिहा आणि संमतीचा मजकूर त्यांच्या बोलीत जोडा. ती मान्यता हातात आली की मगच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे परवानगीला जा, तिथे पहिल्यांदा तेच पत्र मागतात.