गॅसचा पाइप सरकवण्यापूर्वी
ओट्याचे काम चालू असताना शेगडीमागचा कॉक बंद करून प्लंबरकडूनच गॅसचा पाइप दोन फूट सरकवून घ्यावा, असे कोणी सुचवले, तर कळकळीने सांगतो, तसे करू नका. त्या कॉकने फक्त रबरी नळीचा पुरवठा थांबतो; त्याच्या अलीकडे, म्हणजे नेमका जो पाइप कापायचा त्यात, गॅस भरलेलाच राहतो. मुंबईत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असल्याने तो छताखाली साचतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असताना एक ठिणगी पुरते. (सिलिंडरचा गॅस याउलट जमिनीलगत साचतो.) पाइपने गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीकडे रीतसर विनंती करून अधिकृत तंत्रज्ञच बोलवावा. तो मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून आणि खिडक्या उघडून काम करतो का, तसेच धातूचा पाइप कापण्यापूर्वी कापाच्या दोन्ही बाजू तात्पुरत्या तारेने जोडतो का, हे आवर्जून पाहावे, कारण सदोष वायरिंगमुळे पाइपमधून वीज वाहत असेल, तर तुकडे वेगळे होतानाच ठिणगी पडते. शेवटी दाबाची चाचणी झाल्याशिवाय आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नये.