मानसशास्त्राच्या पदवीवर वाचा-उपचारतज्ज्ञ होता येते का?

मानसशास्त्राची किंवा भाषाशास्त्राची पदवी असली की २ वर्षांची एम.एस्सी. करून वाचा-उपचारतज्ज्ञ (बोलण्यातल्या अडचणींवर उपचार करणारा) होता येते, असे काहीजण म्हणतात. ब्रिटनमध्ये तशी सोय आहे. आपल्याकडे मात्र एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी बी.ए.एस.एल.पी. ही श्रवण आणि वाचा-उपचाराची ४ वर्षांची पदवी लागते, जिचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपमध्ये जाते, आणि व्यवसाय करायचा तर १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. पदवीत श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकत्र असतात, एम.एस्सी.ला त्यांतला एक निवडावा लागतो.

पदव्युत्तर शिक्षणाचा उपयोग काय, असेही कुणी विचारते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी काटोलकडच्या एका सहा वर्षांच्या मुलाला मी चित्रे दाखवत होते. केळ्याच्या चित्राला तो ‘केयं’ म्हणाला, डोळ्याला ‘डोया’, शाळेला ‘शाया’. मी इमानाने तिन्ही ठिकाणी उच्चारदोषाची खूण केली. शिकवणाऱ्या मॅडमनी तो कागद पाहिला आणि बाहेर बसलेल्या त्याच्या आजीशी पाच मिनिटे बोलून यायला सांगितले. आजीही ‘डोया’च म्हणत होती, कारण वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्या तिन्ही खुणा खोडल्यावर त्याचा खरा दोष उरला: तो ‘क’च्या जागी ‘त’ म्हणत होता, तोही फक्त शब्दाच्या मध्ये आणि शेवटी, त्यामुळे ‘केयं’मधला ‘क’ स्वच्छ ऐकून मी तिकडे लक्षच दिले नव्हते.