मदत हवी आहे: मंदीत बालभत्ता सरसकट द्यावा की उत्पन्नाची अट घालून?

नमस्कार. आर्थिक मंदीत सरकारे बालभत्त्यावर, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठी पालकांना दिल्या जाणाऱ्या रकमेवर, करतात त्या खर्चाविषयी मी एक टिपण लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे. सार्वजनिक वित्ताचा अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंदीत कराचे उत्पन्न घटते, बेकारभत्त्याचा खर्च वाढतो आणि तूट फुगते. मग दरमहा असंख्य कुटुंबांच्या खात्यात जाणाऱ्या या रकमेवर सरकारची नजर जाते. आयर्लंडमध्ये पहिल्या मुलामागे मिळणारा मासिक भत्ता २००९ मध्ये १६६ युरो होता, तो टप्प्याटप्प्याने कमी करत २०१३ मध्ये १३० युरोंवर आणला गेला. ब्रिटनने २०११ पासून तीन वर्षे दर गोठवले. आकडा तोच राहिला, पण महागाईने त्याचे मोल कमी केले.

‘फक्त गरजूंनाच द्या’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास पुढे येतो. तो वरवर रास्त वाटतो, परंतु उत्पन्नाची अट बहुधा मागील वर्षाच्या करविवरणावर तपासली जाते. कमावत्या व्यक्तीची नोकरी यंदा गेली असेल, तर ते कुटुंब कागदोपत्री सुस्थितीतच दिसते, आणि घरभाडे व शाळेचा खर्च मात्र याच महिन्यात भागवायचा असतो. ऑस्ट्रेलियात चालू वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर रक्कम देऊन वर्षअखेरीस हिशेब जुळवतात. तेथे अंदाज चुकला की परतफेडीचा बोजा पालकांच्या डोक्यावर बसतो. जास्त कमावणाऱ्यांना दिलेला भत्ता करातून परत घेण्यासाठी ब्रिटनने २०१३ मध्ये आणलेल्या वसुलीत तर व्यक्तीचे उत्पन्न पाहिले गेले, घराचे नाही. त्यामुळे एकट्याने ६०,००० पौंड कमावणाऱ्या घराचा सगळा भत्ता करातून परत गेला आणि प्रत्येकी ४९,००० पौंड कमावणाऱ्या जोडप्याचा पूर्ण शाबूत राहिला. हे मला उघड अन्यायाचे वाटते.

अमेरिकेत मुलांमागे मिळणारी करसवलत कमाईशी जोडलेली असल्याने अत्यल्प कमाईच्या कुटुंबांना ती पूर्ण मिळत नसे, म्हणजे रोजगार गेला की आधारही आटे. २०२१ साठी ही अट काढली, सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर ठरवले, आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत निम्मी रक्कम मासिक हप्त्यांनी दिली. सरकारी मदत व करही हिशेबात धरणाऱ्या तेथील पूरक दारिद्र्यमापनानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्के होते. तरतूद संपल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. मात्र २०२१ मध्ये कोरोना साथीमुळे दिलेली इतर मदतही वाटली गेली होती, म्हणून त्या वर्षी दारिद्र्य कमी राहण्यातला बालभत्त्याचा वाटा नेमका कसा वेगळा काढावा, हे मला उमगलेले नाही.

मला स्वतःला जर्मनीचा २०२० चा मार्ग अधिक पटतो. तेथे प्रत्येक मुलामागे ३०० युरो सरसकट दिले, मूलभूत निर्वाहसाहाय्य घेणाऱ्यांच्या हिशेबात ते उत्पन्न म्हणून धरले नाहीत, आणि जास्त उत्पन्न असणाऱ्यांचा फायदा मुलांसाठीच्या करसवलतीत वळता झाला. म्हणजे पैसे आधी पोहोचले आणि छाननी नंतर झाली.

तेव्हा विचारायचे असे की, आधी देऊन नंतर करातून वळते करण्याच्या पद्धतीचा तिजोरीवरील निव्वळ भार कसा मोजतात? त्यात पालकांनी केलेल्या खर्चातून परत येणारा अप्रत्यक्ष कर आणि छाननीच्या यंत्रणेवरचा वाचलेला खर्च धरण्याची रीत आहे का? आणि ज्या देशांत बहुतेक पालक करविवरण भरतच नाहीत, तेथे नंतरच्या वसुलीसाठी कोणता आधार घ्यावा?