परदेशी नातलग, पाहुणे आणि ई-परवानगी : तपासणीचे आपले अनुभव लिहा

नागपुरातील अनेक घरांत आता परदेशी पासपोर्ट असलेली सून, जावई किंवा नातवंडे आहेत आणि त्यांच्या प्रवासात शिक्क्याऐवजी पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेली इलेक्ट्रॉनिक परवानगी आली आहे. ती प्रत्यक्षात कोण, कुठे आणि केव्हा तपासते याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते. म्हणून ज्यांनी ही तपासणी जवळून पाहिली आहे, त्यांनी घडले तसे सविस्तर लिहावे, ही विनंती.

त्रिमूर्तीनगर, एक अभियंता :
माझी पत्नी अमेरिकी नागरिक आहे. माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा होता. तिला व्हिसा लागत नाही, पण 8 जानेवारी 2025 पासून अमेरिकी नागरिकांनाही तिथे जाण्यापूर्वी ईटीए (ब्रिटनची इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) घ्यावा लागतो आणि तो तिने वेळेत घेतला होता. दोहामार्गे लंडनला निघालो असताना नागपूरच्या काउंटरवरील मुलीने तिचा पासपोर्ट यंत्रातून सरकवला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा सरकवला आणि माझा बोर्डिंग पासही बाजूला ठेवून वरिष्ठांना बोलावले. ईटीए मंजूर झाल्यानंतर पत्नीचा पासपोर्ट नवा निघाला होता आणि जुन्या क्रमांकावरची परवानगी नव्या पासपोर्टला लागू होत नाही. मंजुरीचा ईमेल दाखवून काहीच साधले नाही, कारण त्यांना यंत्रावर येणारे उत्तर हवे होते. तिथेच उभे राहून मोबाइलवरून नवा अर्ज केला आणि मंजुरी लवकर आली म्हणून विमान मिळाले. एरवी अशा अर्जासाठी तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवावेत, अशी तिथल्या सरकारचीच सूचना आहे.

सीताबर्डी, प्रवास व्यावसायिक :
वरील प्रसंगात काउंटरवरचे कर्मचारी अडून बसले असे वाटू शकते, पण त्यांची बाजूही समजून घ्यावी. विमान कंपनी प्रवाशाचा तपशील त्या देशाच्या यंत्रणेकडे पाठवते आणि प्रवाशाला विमानात घ्यावे की नाही, याचे उत्तर तिकडून येते. योग्य कागदपत्रांविना प्रवासी नेल्यास ब्रिटनमध्ये कंपनीला प्रत्येकी 2000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेची एस्टा ही अशीच परवानगी जानेवारी 2009 पासून सक्तीची आहे, कॅनडाची पद्धत 2016 पासून; म्हणजे खरी चाळणी आपल्याच शहरात लागते. मात्र परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश पक्का झाला, असे कोणीही समजू नये, कारण अंतिम निर्णय तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचाच असतो.

धरमपेठ, निवृत्त शिक्षिका :
ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या नातीचा भारताचा ई-व्हिसा आम्ही सरकारी संकेतस्थळावरूनच काढला. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या इतर काही संकेतस्थळांवर त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे मागत होते, म्हणून पत्ता नीट पाहूनच अर्ज भरावा, असे कळकळीने सांगते. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘ग्रँटेड’ दिसते का, हे पाहून तिने छापील प्रत जवळ ठेवली. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो आणि त्यांत नागपूर आहे, त्यामुळे तिला मुंबईमार्गे यावे लागले नाही. इथे उतरल्यावर तिच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले. तिचे आडनाव अर्जात आणि पासपोर्टवर अक्षरशः सारखे होते, तरी अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिले. मला ती काटेकोरपणाची पद्धत आवडली.

पेंचजवळ होमस्टे चालवणारे गृहस्थ :
विमानतळाबाहेर पडले म्हणजे तपासणी संपली, असा समज चुकीचा आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची माहिती ठरलेल्या सरकारी फॉर्ममध्ये 24 तासांच्या आत ऑनलाइन भरणे यजमानाचे कर्तव्य आहे आणि घरी नातलग उतरले तरी हा नियम लागतो. व्याघ्रदर्शनाला आलेल्या एका जोडप्याच्या ई-व्हिसाची मुदत आमच्या नोंदीच्या वेळीच बारकाईने पाहिली गेली. ती मुक्कामाच्या आतच संपत होती, त्यामुळे त्यांना परतीचे तिकीट वेळेत अलीकडे घेता आले.